दहा मिनिटांचा थांबा

कोमल, तुझी गाडी कराडला दहा मिनिटं थांबते.
तीन चहाला गेली, दोन कंट्रोलरच्या खिडकीपाशी.
उरलेल्या पाचात सांगते, उभ्याउभ्याच,
ह्या डब्यातलं बर्फ माझ्या चपलेवर गळतंय तोवर.

मागल्या बुधवारी विचारलंस,
मावशी, ते लाल, लोणी-लसणाचं, त्याला काय म्हणतात?
काही म्हणत नाहीत गं.
आमचे हे सॉस म्हणतात,
मी ओलं तिखट म्हणते,
कोळंबीची कशालाच हरकत नसते.

आधी लसूण. गावठी घे,
सोलताना नखं दुखतील इतक्या बारीक पाकळीचा.
त्या पांढऱ्या गलेलठ्ठ गड्ड्यांना नुसतंच अंग.
कापू नको. ठेच.

लोणी म्हशीचं.
बाजारातली पिवळी वडी आणलीस तर मीठ हात आखडून.
आच मंद. मंद म्हणजे
कुंभार्लीच्या चढाला तुमचा गुरव ड्रायव्हर
गाडी घेतो ना, तितकी.
लोणी आधी बडबडतं, फेस काढतं,
बोलून घेऊ दे त्याला.
गप्प झालं की लसूण सोड
आणि तिथून हलू नको,
दारात कोणीही येऊ दे.

मी हलले होते.
मी माणदेशातली, विहिरीचा तळ बघत मोठी झालेली,
पहिली कोळंबी बघितली ती लग्नानंतर,
वाटलं, पाण्यातला टोळ आहे.
लसूण जळला, काळा, कडू जहर.
हिंदुराव मान खाली घालून सगळं जेवले,
हात धुताना म्हणाले, घाटात आज धुकं होतं.
बस, एवढंच.

एकोणीस वर्षं बुधवारचा डबा आणला त्यांनी
चिपळूणच्या खातूनबीकडून,
आणि दर खेपेला त्याचं लगेजचं तिकीट फाडलं,
स्वतःच्या खिशातून.
एकदा पाटणला चेकर चढला,
वासावरून डबा हुडकला,
तिकीट बघितलं
आणि हात जोडून खाली उतरला.

मे महिन्यात निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो.
पुढचा बुधवार आला तसे सकाळपासून दारात.
मीही सवयीने लसूण ठेचून बसलेली.
शेवटी बटाट्याला लावून खाल्लं.
बटाटा चांगला असतो,
त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग एक दिवस तू आलीस, खाकीतली,
माझ्या धाकटीपेक्षा लहान,
खातूनबीनं दिलाय म्हणालीस,
आणि झाकणाला चिकटलेलं मशीनचं तिकीट,
शाई बर्फाच्या पाण्यात पसरलेली.
तुला कोणी सांगितलं होतं गं तिकीट काढायला?
यांनी ते वाळवलं. कुठं ठेवलं, मला दाखवत नाहीत.

असो. चार मिनिटं गेली वाटतं.
लसूण गव्हाळ झाला की गॅस बंद,
मगच कांदा-लसूण मसाला, चमचाभर,
आणि संकेश्वरीची भरड, तुझ्या जिभेला झेपेल तेवढी.
तापत्या लोण्यात मिरची टाकलीस
तर शेजारच्या चार घरांत खोकला.
गुळाचा खडा, हरभऱ्याएवढा.
कोळंबी ज्या पाण्यात उकळलीस ते पाणी, एक पळी,
आणि घोटत राहा.
लोणी आणि पाणी आधी एकमेकांकडे बघत नाहीत,
घोटत राहा,
मग धरतात.

कोळंबी वाकली की काढ.
पुरतं वेटोळं घातलं म्हणजे उशीर झाला,
रबर चावत बसशील.
भाकरीशी खा, पावाशी खा,
बोटं चाटायला मात्र मोकळा वेळ ठेव,
ड्युटीच्या कपड्यांत बसू नको जेवायला,
तो डाग जात नाही, आमच्या कपाटात तीन शर्ट आहेत.

जा, डबल बेल दे, लोक ओरडायला लागलेत.
आणि घाटात धुकं होतं का आज?
घरी गेल्या गेल्या विचारतील ते.
होतं? कुठपर्यंत? वरच्या वळणापर्यंत?

अगं थांब, लिंबू!
लिंबू राहिलंच सांगायचं.
लिंबू अगदी शेवटी, ताटात वाढल्यावर,
आधी पिळलंस तर