लिटर नावाचा माणूस

चौथीत लांजेवार गुरुजींनी सांगितलं,
लिटर नावाचा एक माणूस होता,
दूरदेशी बाटल्या घडवायचा,
त्याच्याच नावानं हे माप.

मग तो मला दिसूही लागला.
डोमाजी हटवारांच्या घाण्यापाशी
जवसाच्या तेलानं कोपरापर्यंत चोपडलेला,
एक डोळा मिटून बाटलीतली रेघ बघणारा.
रॉकेलच्या रांगेत, नरसाळं धरून,
तोच उभा.

डोमाजी म्हणायचे, असन गा.
आमची पायली कोणाच्या बापाची नाही,
कुडो कोणाचा नाही.
याले तरी मालक आहे.

पुढं मला मापांवर शिक्के मारायची नोकरी लागली.
पवनीच्या बाजारात, चिंचेखाली टेबल.
पत्र्याचं माप पाण्यानं काठोकाठ भरायचं,
वरून काच सरकवायची,
आत बुडबुडा राहता कामा नये.
राहिला, तर तेवढं खोटं.

तिथंच एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
खात्याच्या जाड पुस्तकात वाचलं:
असा माणूस झालाच नाही.
कुण्या मास्तरानं थट्टेत रचलेला,
जन्मगावासकट.

शब्द मात्र जुना. ग्रीकांचा लित्रा,
आणि ते माप नव्हतंच, वजन होतं.
फ्रान्सात गेला, लित्रों झाला,
धान्य मोजू लागला, आपल्या पायलीसारखं.
मग तिथं राज्य उलथलं,
नव्या लोकांनी वीतभरही नाही अशी
दहा सेंटिमीटरची चौकोनी पेटी कल्पली
आणि जुन्याच नावाची शेंडी कापून
तिच्यावर चिकटवलं.

वजनाचं माप व्हावं, यात नवल काय?
आपला शेर दोन्ही घरचा.
तागडीतला वेगळा, मापट्यातला वेगळा,
भांडण लागलं की दोघंही साक्षीला.

संध्याकाळी डोमाजींकडे गेलो.
घाणा बंद, खाटेवर तेच,
उशाशी लिटरचं माप, त्यात विड्या.
सगळं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले,
पाण्याचा लिटर किलोत बसते नं?
बसते.
अन् माह्या तेलाचा?
सत्तरेक ग्राम कमी भरते, काका.
तेल हलकं.

जलमभर मले वाटे,
थे सत्तर ग्राम तोच नेत असन,
बाटलीवाला.
आता कोणावर घालू?