नावं ठेवणं

खाटेच्या पाटीवर लिहिलंय:
बेबी ऑफ सुलक्षणा खळदकर, वय सात आठवडे.
बारसं राहिलंय.
आत्याला नागपूरहून तिकीट मिळेना,
मग पितृपक्ष लागला,
मग हा खोकला.

निहारने आणला तो, धनकवडीच्या बालवाडीतून,
आणि दादाचा मान म्हणून
पहिली पापी घेताना तिला देऊन टाकला.
त्याला दोन दिवस शेंबूड.
हिला प्रत्येक श्वासाला
बरगड्यांमध्ये खड्डे.

डॉक्टर बागवान केसपेपरच्या मागे नळी काढतात,
गव्हाच्या काडीएवढी,
आणि पेनाने आतून गिरवत गिरवत
जवळजवळ बुजवून टाकतात.
म्हणतात, विषाणूचं काम यात थोडंच,
ही सूज, हा चिकटा, पेशींचा हा गाळ,
बराचसा तिचा तिनेच केलेला.
नवखं शरीर आहे. किती ओरडलं की पुरे,
अजून कळत नाही त्याला.

आणि मी दिलेलं? नाळेतून गेलेलं सगळं?
"आहे ना. पण ते उसनं. रोज थोडं संपतं."
उसनं म्हणे.
मी कधी मागितलं परत?

रात्री तीन. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे.
खाली रास्ता पेठेत कुणीतरी शटर ओढतं.
ब्याण्णव, एक्याण्णव, ब्याण्णव.
शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणतात, लढतेय हो पोर.
मी मान हलवते.
मला काही लढाई दिसत नाही.
दिसतं ते एवढंच, की काखेत, मानेखाली,
डाळीएवढ्या गाठींमधून
पेशी एकेक आकार लावून बघताहेत,
तुळशीबागेत बांगड्या चढवून बघाव्यात तशा:
ही घट्ट, ही सैल,
ही दाखवा, नाही, ती मागची.

पाचव्या दिवशी पंच्याण्णव.
तिने दूध ओढलं, मध्येच थांबली,
कपाळाला आठी,
जणू साखर कमी पडलीय.

ओळख पटली म्हणायची, डॉक्टर म्हणतात,
पण याची ओळख पक्की राहत नाही.
पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईल,
ही अर्धी विसरलेली असेल.

आत्याचा फोन: काय गं, नाव ठरलं का?
म्हटलं, आमचं नाही ठरलं.
हिने मात्र एकाला ठेवली नावं,
पेठेतल्या पाण्याचा गुण.

काचेपलीकडे निहार, नाकाला बाबांचा रुमाल.
विचारतो, ती मला ओळखते का?
हो म्हणाले.
जरा जास्तच.