अकराचा भात

पोट दुखतं म्हणून आली होती पियसीली.
दम्याचं तिनं सांगितलंच नाही,
ते बाबांनी पायऱ्यांवरच ओळखलं:
आमच्या सात पायऱ्या चढताना
ती तिसरीवर थांबली,
आणि बघत असल्यासारखं केलं
अंगणातल्या बेलाकडे.

बाबा, म्हणजे गावाचे वेदमहत्तया,
नाडी धरून बराच वेळ गप्प राहतात.
लोकांना वाटतं, आतलं काही ऐकतायत.
मला माहीत आहे,
माणूस कंटाळायची वाट बघतात ते;
कंटाळलेला माणूस खरं बोलतो.

"रात्री जेवतेस कधी?"
"काम झालं की."
"आणि काम कधी होतं?"
ती हसलीच.
एल्पिटियात कुणी विचारतं का हे?
सकाळी तोडलेली दालचिनीची फांदी
त्याच दिवशी सोलायची,
वाळली की साल लाकडाला सोडत नाही.

मग अकराला गार भात,
त्यावर खोबऱ्याचं तिखट, सुकी मासळी,
हात धुतले न धुतले तोच चटई.
दोनला जाग.
घशाशी आंबट, छातीवर कुणी बसलेलं,
आणि श्वासाची शिट्टी
सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून
उशीत दाबून धरलेली.

"दम राहतो छातीत," बाबा म्हणाले,
"पण जन्मतो पोटात.
घरात धूर कोंडला तर आपण छप्पर बदलतो का?
चुलीत ओलं लाकूड कुणी घातलं, ते बघतो."

मी आत वाटत होते:
सुंठ, पिंपळी, अडुळशाची पानं,
रिंगणीची मुळी, धणे जरा भाजून.
सवयीनं दालचिनीच्या बरणीला हात घातला
तर बाहेरून आवाज आला,
पाठमोऱ्या बाबांना कसं कळलं कोण जाणे:
"ती नको.
भूक लावते, वारा सारते, सगळं खरं.
पण हिनं तिची मात्रा
तीस वर्षं नाकानं घेतली आहे."

पियसीलीनं बरणी मागून घेतली,
एक कांडी उजेडात धरली, बोटानं दाबली.
"आमच्या शेडमधली नाही ही. साल जाड आहे.
किती दिले?"
बाबांनी आकडा सांगितला.
ती काही बोलली नाही, कांडी परत ठेवली.

पिशवीतला निळा पंप
तिनं अगदी शेवटी काढला,
चोरी पकडली जावी तसा.
"फेकू का हा?"
"वेडी आहेस? रात्री दोनला मी झोपलेला असतो.
तो जागा असतो."

चिठ्ठीवर काढा दोन वेळा,
दही बंद, कोमट पाणी, सकाळी पाल्याची पेज,
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
साडेसहाला भात.
"हे मुदलालीला दाखव. मालक आहे, वाचता येतं त्याला."

महिन्यानं आली. पाचव्या पायरीपर्यंत न थांबता.
पोट? बरं आहे.
दम? दोनला नाही, आता चारला.
चिठ्ठी?
चिठ्ठी तिनं दाखवलीच नव्हती.
"साडेसहाला खाते पण. बसूनच खाते.
एका हातानं."
दुसऱ्या हातात काय,
ते तिनं सांगायची गरज नव्हती,
तळव्यावर पितळी दांड्याचा घट्टा होता.

बाबांनी तोच हात धरला.
कितीतरी वेळ.
शेडमधला भोंगा वाजला, बेलावर खार चढली, उतरली,
आणि या खेपेला
आधी कंटाळले ते बाबाच.
"काढा देता येतो मला," ते म्हणाले,
"संध्याकाळ देता येत नाही."

तिनं बाटली पदरात गुंडाळली.
सातही पायऱ्या न थांबता उतरली.
उतरताना काय,
कुणालाही जमतं.