चालण्याची चाचणी

सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात, मागच्या खोलीत,
जिथे कूलरच्या वाळ्याला
गेल्या उन्हाळ्याचा वास येतो,
मी फोटोंना नावं देते.
कंत्राटी काम. दिवसाला अडीच हजार फोटो.
यादी ठरलेली: वाघ, बिबट, अस्वल, रोही,
सांबर, साळिंदर, उदमांजर, गुरं, कुत्रा,
आणि सगळ्यात खाली, शेपटासारखा, माणूस.

वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे;
दोन्ही जुळले की त्याला नंबर मिळतो.
माणसाला नंबर नाही.
माणूस दिसला की फोटो पुसायचा. नियम आहे, खासगीपणाचा.
म्हणून पुसण्याआधी मी एकटीच पाहते:
पहाटे चारला मोहाखाली वाकलेली बाई,
पदराचं टोक दातांत, दोन्ही हात जमिनीवर;
आणि त्याच झाडाखाली, अकरा मिनिटांनी,
तसंच वाकलेलं अस्वल.
मी बाई पुसली.
अस्वल ठेवलं.

गोरेवाड्यात कॅमेरे लावायला गेलो तेव्हा
संध्याकाळ उतरत होती.
कॅमेरा बांधला की कुणीतरी समोरून रांगत जायचं,
जनावराच्या उंचीनं. त्याला चालण्याची चाचणी म्हणतात.
एरवी धुर्वे जातात. त्यांचा गुडघा धरला होता.
‘तुमीच जा जी मॅडम. हळू. तो घाई नाही करत.’
मी ओढणी कमरेला खोचली,
इकडेतिकडे पाहिलं,
हातापायांवर झाले.
सागाची पानं तळव्यांखाली पापडासारखी मोडली.
पहिल्या दोन पावलांना लाज वाटली.
तिसऱ्याला मान आपोआप खाली गेली.
चौथ्याला वास आला,
मातीचा नाही, माझाच:
मीठ, खोबरेल,
आणि सकाळी पाजून निघाले होते त्या दुधाचा.
खोडावरचा लाल दिवा लुकलुकला.
‘आली,’ धुर्वे म्हणाले. ‘बराबर आली.’

तीन आठवड्यांनी कार्ड आलं.
तिसराच फोटो मी.
चितळाचे डोळे अंधारात पेटतात,
बिबट्याचे तर दोन विड्या ओढल्यासारखे.
माझे विझलेले. बुजवलेल्या विहिरी.
पण खांद्याचं हाड वर आलेलं,
पंजा (हात लिहायला हवं) अर्धा उचललेला,
आणि चेहऱ्यावर असं काही
जे आधार कार्डावर नाही, लग्नाच्या अल्बममध्ये नाही.
माझ्या अंगावर काटा आला.
साळिंदराचा काटा त्याच्याजवळ असतो;
आपला गेला कधीचा,
कातडी मात्र अजून उभा करू पाहते
नसलेले केस.

मग मी नियमाप्रमाणे केलं.

मानेवाड्याला रात्री लाइन गेली.
सगळी बिल्डिंग सतरंज्या घेऊन गच्चीवर.
बोरकुटे काका, त्यांच्या दोन सुना,
वरच्या मजल्यावरची नर्सिंगची पोरं,
सासूबाई, नवरा, भिंतीकडेला एक कुत्री
जिला कुणी हाकललं नाही.
एकानं खोकावं आणि
रांगेतल्या शेवटच्यानं कूस बदलावी.
मुलाला दोन दात आलेत. पिता पिता चावला.
मी ओरडले नाही.
कुत्रीनं मान वर करून पाहिलं
आणि परत खाली ठेवली,
जणू तिला सांगायची गरज नव्हती.

पाणवठ्यावर चितळ पिण्याआधी मागे पाहतं.
सांबरही. डुक्करही, घाईघाईनं.
आणि वाघ, ज्याला कुणाची भीती नाही म्हणतात,
पाण्यात पाठमोरा शिरतो,
तोंड जंगलाकडे ठेवून.

तीनच्या सुमाराला तहान लागली.
बाटली रिकामी. टाकीची तोटी अगदी खाली,
भांडं शोधलं तर सगळे उठतील.
गुडघे टेकले, हात टेकले,
तोटीशी तोंड नेलं,
आणि थांबले.
मागे वळून पाहिलं.
कुणी नव्हतं. झोपलेल्या पाठी.
खाली मेडिकल दुकानावर
इन्व्हर्टरवर चालणारा एक लाल दिवा.
मग प्यायले.
पाणी अजून गरमच होतं.