नवीन काही नाही

दर दोन तासांनी डोंगरावरून आवाज येतो:
"सुल्लाकोचावरून बोलतोय. पाणी काठीवर एकशे बारा.
बर्फाचे दोन तुकडे पडले, लहान.
नवीन काही नाही."
मी वहीत लिहिते: नवीन काही नाही.
आठ वर्षांत अकरा वह्या भरल्या
या तीन शब्दांनी.

आमच्या केचुआत सुल्ला म्हणजे दव.
कुणी ठेवलं असेल तळ्याला हे नाव,
जणू पहाटे पडेल आणि उन्हं आली की उडून जाईल.

वर सातुर्निनोचं दगडी खोपट,
तळ्यात रोवलेली लाल-पांढरी काठी,
आणि दहा काळे पाइप, तळ्याचं पोट
घोट घोट उपसणारे.
बर्फ वितळतो त्याहून हळू.
हे गणित शाळेत शिकवत नाहीत.
शाळेत शिकवतात: भोंगा झाला की हिरवा बाण,
दप्तर घ्यायचं नाही,
कुत्र्याला हाका मारत थांबायचं नाही.
बाजारातल्या बाणावर कुणीतरी
भाजलेल्या कोंबडीची जाहिरात चिकटवतं.
दर सोमवारी मी ती नखांनी खरवडते.

तेवीस मिनिटं.
वरून सुटलेलं पाणी चौकात यायला तेवीस मिनिटं,
इंजिनियर म्हणाला, आणि कॉफीत अजून साखर मागितली.
तेव्हापासून मी सगळं त्यातच मोजते.
बटाटे शिजतात तेवीस मिनिटांत.
ओलिंडाची वेणी दोनदा घालून होते.
आईला पलंगावरून उठवून, शाल गुंडाळून
टेकडीच्या पायथ्याशी न्यायला लागतात
चोवीस.

जूनमधल्या एका रात्री
दोनचा आवाज आला नाही.
"सुल्लाकोचा, ऐकतोयस का?"
खरखर.
नियम भिंतीवर आहे, माझ्याच अक्षरात:
दहा मिनिटं, तीन हाका, मग भोंगा.
भोंग्याची किल्ली माझ्या गळ्यात,
बाप्तिस्म्याच्या पदकाला घासत.

मी खिडकी उघडली, नदी ऐकली.
रोजच्यासारखी वाहत होती.
पण रोज कशी वाहते
ते नेमकं तेव्हा आठवेना.

मागच्या वर्षी मी वाजवला होता.
आभाळ गडगडलं आणि माझा हात गेला.
गाव घोंगड्या घेऊन टेकडीवर, पहाटे
दात वाजवत खाली.
पायऱ्यांवरून घसरून डॉन फाउस्तिनोचा खुबा मोडला.
पाणी आलंच नाही.
तो अजून काठी टेकत बाजारातून जातो
आणि मला न चुकता रामराम घालावा तसा
टोपी काढून विचारतो, बरी आहेस ना?
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन वाजून अकरा.
किल्ली कुलपात, बोटं बधिर.
सुटलं असेल तर अकरा गेली, बारा उरली.
आईला चोवीस लागतात.
खालच्या गल्लीत एक बाळ रडून गप्प झालं.
किल्ली अर्धी फिरवली,
आणि उरलेली अर्धी
फाउस्तिनोच्या खुब्याइतकी जड.

"...कोचावरून... बॅटरी गोठली होती.
काखेत धरून बसलो, ऊब येईपर्यंत.
एकशे बारा. नवीन काही नाही."
मी भिंतीला टेकून खाली बसले.
हसू येत होतं की काय, कोण जाणे.

मग तो म्हणाला, "निकोलासा, वाजवलास?"
"नाही."
बराच वेळ नुसता वारा, त्याच्याकडचा.
"किती वाजलेत?"
सांगितले.
"मग चुकलीस," तो म्हणाला, आणि बंद केला.

वहीत लिहिलं: दोन वाजून तेरा. एकशे बारा.
खाली एक ओळ कोरी सोडली.

सकाळी ओलिंडाला हाताशी घेऊन
आईचा पलंग दाराशी ओढला.
ती चिडली. वारा लागतो,
येणारीजाणारी माणसं तोंडाकडे बघतात,
मी काय मेलेली आहे का, दारात ठेवायला?
मी घड्याळ लावलं. तिला उठवलं. शाल.
पायथ्याशी पोचलो तेव्हा ती धापा टाकत शिव्या देत होती,
सगळ्या जुन्या, सगळ्या मला पाठ.

एकोणीस.