तीन आखूड, एक लांब

बार्शीहून आलो थर्टी फर्स्ट बघायला.
कुलाब्यातली गच्ची, सहाशेची बिअर,
शेंगदाणे फुकट, म्हणून तेच जास्त.
शेजारच्या टेबलावर कागदी मुकुट घालून
एक म्हातारा सेल्फीत हसायचा सराव करतोय.

महालिंग टगवर ड्युटीला. दुपारीच म्हणाला,
बाराला बंदरातली सगळी जहाजं भोंगे देतात.
आमचा ओळख :
तीन आखूड, एक लांब.

बारा वाजले
आणि काळोख हंबरला,
दावणीची सगळी गुरं एकदम उठावीत तसा.
ग्लासातला बर्फसुद्धा किणकिणला.
त्यात महालिंगचा कुठला?
फोनवर ओरडलो : ऐकला रे! अगदी स्पष्ट!
तो म्हणाला,
अजून वाजवलाच नाही. दोरी अडकलीय.

पावणेतीनला ससून डॉकच्या भिंतीशी
कटिंग घेऊन उभा. आत बायका
पाटावर बसून कोलंबी सोलतायत,
बोटं बर्फानं पांढरी.
तेवढ्यात पाण्याकडून, एकटाच :
आखूड. आखूड. आखूड.
मग लांब, इतका लांब
की एकीनं सोलता सोलता मान वर केली,
आता हे कुणाचं गं नवीन वर्ष?