काठी धरणारा

फेलोशिप म्हणजे काय, मला नीट कळलं नव्हतं.
रस्तेखात्याच्या साहेबानं एवढंच सांगितलं:
मुलगी दोन वर्षांसाठी आलीय,
किनाऱ्याचा आराखडा करायचाय तिला,
ती सांगेल तिथं काठी धर.

नाव कोरिन हॅवलिक. बूट नवे.
पहिल्याच दिवशी एक बूट खाजणात रुतून राहिला.
मी कोपरापर्यंत हात घालून तो उपसला.
ती म्हणाली, नकाशात इथं जमीन आहे.
मी म्हणालो, नकाशाला कळवा.

काठी सात फुटी, टोकाला पांढरी थाळी.
उपग्रहाशी बोलते म्हणे.
मी चेसापीकच्या या काठावर तीस वर्षं मोऱ्या साफ केल्या,
माझ्याशी कुठला उपग्रह बोलला नाही.

धरली काठी चर्चच्या पायरीवर.
धरली शाळेच्या बसच्या वळणावर,
जिथं ड्रायव्हर घड्याळाआधी भरतीचं कोष्टक बघतो.
धरली वाळून पांढऱ्या पडलेल्या पाइनच्या रानात,
आणि कबरस्तानात,
जिथं शवपेट्या पट्ट्यांनी जखडून ठेवल्यात,
कारण मागच्या उधाणात एक पेटी
तरंगत सोयाबीनच्या शेतात गेली होती.
तिथं कोरिन म्हणाली, जरा हळू टेकवा.

ओडेसा पिंडरबाईंनी ओट्यावरून विचारलं, किती आला गं आकडा?
दोन पूर्णांक एक.
देवाला ठाऊकच होतं, बाई म्हणाल्या,
आणि आम्हाला रताळ्याची बिस्किटं दिली.

पहिल्या सभेला सात माणसं.
पडद्यावर निळंनिळं पाणी चढत गेलं, २०३५, २०५०,
कुणी हललं नाही.
खेकडेवाला मर्ल उठला:
इथलं पाणी निळं कधी होतं, पोरी?
चहासारखं असतं ते.
तिनं रातोरात नकाशा चहाच्या रंगाचा केला.
पुढच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या.

मग ऑक्टोबरात एकदा, आज तुमच्या घरी, म्हणाली.
मी माझ्याच उंबऱ्यावर काठी धरून उभा.
एरवी आकडा मोठ्यानं वाचायची,
त्या दिवशी नुसती बघत राहिली.
सांग, म्हटलं.
रस्त्यापेक्षा चार इंच खाली.

रस्ता मीच उचलला होता.
दर चार-पाच वर्षांनी डांबराचा एक थर,
रोलर माझा, माप माझं,
गाड्यांचे टायर कोरडे राहावेत म्हणून.
पाणी कुठं जाईल, हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

अहवालात तीन मार्ग होते:
रस्ता उचला, घरं उचला, माणसं उचला.
तिसरा वाचताना तिचा आवाज बसला.
कौन्सिलनं चहा घेतला आणि विषय पुढं ढकलला.

जुलैत ती गेली. काठी कचेरीची, ती परत केली.
जाताना मोरीच्या खांबावर
तिनं हातानं रंगवलेली लाकडी पट्टी ठोकली,
इंच थोडे वाकडे आलेत.

आता उधाणाला मी बॅटरी घेऊन जातो.
काल रात्री वारा नव्हता, पाऊस नव्हता,
आकाशात चंद्र, आणि पाणी
२०३५च्या रेघेला दोन बोटं कमी.
वहीत लिहिलं. रकाने तिनंच आखलेत,
डाव्या बाजूला शेरा लिहायला जागाही ठेवलीय.
शेरा काय लिहावा, सुचलं नाही.

सकाळी बस वीस मिनिटं उशिरा आली.
तेच लिहिलं.